हुलगा, लिखा आणि पाच पानं

जून महिना होता. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. बाहेर पाऊस लागलेला. रात्रीचे साडेनऊ. भांडी झाली होती, ओटा पुसला होता, धाकटा झोपला होता. थोरली अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाली, "आई, उद्या पाच झाडांची पानं न्यायचीत. वहीत चिकटवून. खाली नावं लिहून."

"बाईंनी कधी सांगितलं?"

"सोमवारी. मी विसरलो की."

त्या दिवशी गुरुवार होता. कोल्हापूरकडं मुली असंच बोलतात. मी आलो, मी जेवलो, मी विसरलो. माझं माहेर जुन्नरकडचं. लग्न होऊन वारणानगरला आले तेव्हा मला नवल वाटायचं. आता माझी मुलगीच तसं बोलते आणि कानाला काही वाटत नाही.

मी बॅटरी घेतली, छत्री घेतली आणि दार उघडलं. तेवढ्यात सासूबाई उठून बसल्या. "कुठं निघालीस?"

"आत्या, पानं तोडायला."

"रात्रीचं झाडाला हात लावू नये. झाडं झोपलेली असत्यात."

मी दारात उभी. पोरगी रडायला लागली. मलाही रडू येत होतं, पण ते रागाचं होतं. शेवटी मी दार लावलं आणि म्हणाले, "मग तुम्हीच सांगा आत्या, काय करू?"

हे मी आधीच विचारायला हवं होतं. सासूबाई उठल्या आणि देवघरापाशी गेल्या. सोमवारचा बेल थोडा सुकला होता, पण तीन दळं शाबूत होती. तीर्थाच्या भांड्याजवळ तुळशीची पानं होती. परडीत दूर्वा होत्या. मग त्यांनी आपला पानाचा डबा उघडून विड्याचं एक पान काढलं. पाचवं पान म्हणजे कढीपत्ता, तो माझ्याच भाजीच्या टोपलीत होता. पाच मिनिटांत पाच पानं झाली. पावसात पाऊल घालावं लागलं नाही.

डिंक संपला होता. दुकानं बंद झालेली. भाताची शितं चुरून पानं चिकटवली. विड्याचं पान वहीपेक्षा मोठं होतं, ते दुमडून बसवलं.

दुसऱ्या दिवशी वही तपासून आली. बाईंनी 'छान' लिहिलं होतं. फक्त दूर्वांपुढं लिहिलं होतं, 'हे झाड नाही, गवत आहे.' सासूबाईंना ते वाचून दाखवलं तर त्यांना राग आला. "गणपतीला चालतंय, मग बाईंना का चालत न्हाई?" हा प्रश्न त्यांनी आठवडाभर येईल त्याला विचारला.

हे सगळं सविस्तर सांगते कारण वर्षभर असंच होत राहिलं. प्रत्येक वेळी मी आधी एकटीनं धडपडले, काहीतरी बिघडवलं, आणि मग कुणाला तरी विचारलं. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी निदान माझ्या चुका तरी करू नयेत, एवढ्यासाठी लिहिते आहे.

दुसरी गोष्ट उवांची. गणपतीच्या आठ दिवस आधी थोरली सारखी डोकं खाजवायला लागली. मी म्हटलं, पावसात भिजतेस, केस ओले राहतात म्हणून असेल. दोन दिवसांनी वेणी घालताना कानामागं पांढरे ठिपके दिसले. कोंडा असता तर झटकल्यावर पडला असता. हे केसाला चिकटलेले होते. लिखा होत्या.

मला लाज वाटली. ही खरी गोष्ट आहे. आपल्या मुलीच्या डोक्यात उवा म्हणजे आईनं लक्ष दिलं नाही, असं लोक म्हणतील, हेच पहिल्यांदा मनात आलं. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. शेजारणीनं एकदा बोलता बोलता रॉकेल लावायचा उपाय सांगितला होता. मी बाटली शोधलीसुद्धा. बरं झालं, घरात रॉकेल नव्हतं. त्यानं कातडी भाजते आणि चुलीजवळ केस पेट घेऊ शकतात, हे नंतर कळलं.

तोवर गणपती आले. नणंदा आल्या, त्यांच्या मुली आल्या. चार मुली एका सतरंजीवर डोक्याला डोकं लावून झोपल्या. तिसऱ्या दिवशी चारही जणी खाजवत होत्या. आणि मीही.

गौरीच्या जेवणाच्या दिवशी मी डोक्यावरून पदर घेऊन पंगतीला वाढत होते. नको तिथं हात डोक्याकडं जाऊ नये म्हणून. सासूबाईंनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं की सून अजून पदर सांभाळते. मी मान खाली घालून भात वाढत राहिले.

त्या संध्याकाळी मला राहवलं नाही. मी थोरल्या नणंदेला खरं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, आमच्या शाळेत तर दर वर्षी असतंय. मला वाटलं आमच्याच पोरींनी आणल्या." म्हणजे तीही चार दिवस गप्प होती.

मग आम्ही दोघी गावच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंकडं गेलो. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. उवा उडत नाहीत, उड्या मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात. केस धुतलेले असोत की नसोत, त्यांना फरक पडत नाही. औषधाच्या दुकानात परमेथ्रिनचं 1 टक्क्याचं लोशन मिळतं. केस धुऊन टॉवेलनं टिपायचे, लोशन मुळांपर्यंत लावायचं, 10 मिनिटं ठेवायचं, धुऊन टाकायचं. पण लिखा त्यानं सगळ्या मरत नाहीत. त्या साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटतात. म्हणून नवव्या दिवशी पुन्हा एकदा लावायचं. घरात ज्यांच्या ज्यांच्या डोक्यात आहेत त्या सगळ्यांनी एकाच दिवशी. आणि मधल्या काळात दर दोन-तीन दिवसांनी ओल्या केसांतून बारीक दाताची फणी फिरवायची.

फणीचं काम सगळ्यात मोठं. थोरलीला एका जागी बसवणं अवघड. तिला मी हिशेबाला बसवलं. पांढरं फडकं मांडीवर, फणी फडक्यावर झटकायची आणि तिनं मोजून वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी 26. मग 11. मग 4. धाकटा शेजारी बसून बघत असे. त्यानं काड्यापेटी रिकामी करून आणली आणि म्हणाला, "एक मला दे. मी पाळतो." नाही म्हटल्यावर तो भोकाड पसरून रडला. "ताईकडं एवढ्या हाईत, मला एक पण न्हाई."

दुसऱ्या वेळचं लोशन लावून पाच दिवस झाले आणि वहीत शून्य आलं. थोरलीनं त्या शून्याभोवती लाल पेननं गोल केला.

थंडी सुरू झाली तशी सासूबाईंनी हुलगे काढले. आमच्याकडं थंडीत हुलग्याचं माडगं होतं. रविवार होता. त्या सुपात हुलगे निवडत बसल्या होत्या आणि धाकटा समोर. तो चार वर्षांचा व्हायला दोन महिने होते. मी स्वयंपाकघरात होते. ह्यांची रात्रपाळी होती म्हणून ते आत झोपले होते. हे साखर कारखान्यात कामाला आहेत. हंगाम सुरू झाला की पाळ्या सुरू होतात, आणि घरातल्या माणसांनी दिवसा हळू बोलायचं असतं.

धाकटा आत आला आणि म्हणाला, "आई, नाकाला भूक लागलीय."

मला वाटलं काहीतरी बोलतोय. मी म्हटलं, "बरं."

"मी त्याला हुलगा दिला."

मी हातातलं पीठ तसंच टाकून त्याचं नाक वर केलं. उजव्या नाकपुडीत तपकिरी टोक दिसत होतं. अगदी जवळ. मला वाटलं, चिमटीत येईल. मी केसातली पिन काढली आणि उलट्या बाजूनं ओढायला गेले. त्यानं मान हलवली. टोक दिसेनासं झालं. माझ्या हातानंच मी तो आत ढकलला होता.

सासूबाई म्हणाल्या तपकीर ओढायला देऊ, शिंक येईल आणि पडेल. तोवर त्यांनी डबी उघडलीसुद्धा होती. ह्यांना उठवलं. ते डोळे चोळत आले आणि डबी काढून घेतली. "शिंकायच्या आधी श्वास आत ओढतंय माणूस. अजून आत गेला तर?" झोपेतून उठलेल्या माणसाला जे सुचलं ते मला सुचलं नव्हतं.

मोटरसायकलवरून शेजारच्या कोडोलीत गेलो. दवाखान्यात डॉक्टर होते. त्यांनी नाकात बघितलं, धाकट्याशी दोन शब्द बोलले आणि मला म्हणाले, "ताई, आधी तुम्ही प्रयत्न करा. मी शेजारी आहे." मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. मुलाला मांडीवर घ्या. त्याला सांगा की आई मोठा पापा घेणार आहे. त्याच्या उघड्या तोंडावर आपलं तोंड नीट टेकवा. ज्या नाकपुडीत काही नाही ती बोटानं बंद करा. आणि एक छोटी, जोराची फुंकर मारा.

पहिल्या वेळी तो हसला आणि हवा बाहेर गेली. दुसऱ्या वेळी हुलगा येऊन माझ्या गालावर चिकटला. शेंबडासकट. त्या वेळी त्याचं मला काही वाटलं नाही. मी तो हातात घेऊन बघत बसले. नाकातल्या ओलीनं फुगायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, कडधान्य असेल तर थांबू नका, फुगलं की काढणं अवघड. पिन, काडी, चिमटा घालू नका. तेलपाणी टाकू नका. आणि घड्याळातला किंवा खेळण्यातला चपटा सेल नाकात किंवा पोटात गेला असं वाटलं, तर घरी एक मिनिटही घालवू नका, तो काही तासांत आतून भाजतो. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

घरी आल्यावर आम्ही सगळ्या खेळण्यांच्या सेलच्या झाकणांना चिकटपट्टी लावली. त्या रात्री माडगं झालं. धाकटा दोन वाट्या प्यायला. तोंडानं.

यानंतर पापडांची गोष्ट. मी घरी पापड लाटते. लिज्जतचं नाव सगळ्यांना माहीत आहे. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, तिथून ते सुरू झालं. वारणानगरलाही लिज्जतचं काम आहे आणि आसपासच्या गावांतल्या बायका त्यावर घराला हातभार लावतात. पीठ आणायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, वजन करून द्यायचं. घर सोडावं लागत नाही, मुलांवर लक्ष राहतं. असा माझा विचार होता. पण हात लाटण्यावर असले की डोळे पोळपाटावर असतात, मुलांवर नसतात.

दिवाळीनंतर छान ऊन पडलं होतं. मी गच्चीवर बाजेवर धुतलेलं पातळ अंथरून पापड घातले. कावळे येतात म्हणून धाकट्याला काठी देऊन राखणीला बसवलं. खाली येऊन उरलेलं लाटायला घेतलं. अर्ध्या तासानं वर गेले. एकही कावळा नव्हता. धाकटा काठी मांडीवर घेऊन अगदी इमानदारीत बसला होता. आणि बाजेच्या या टोकापासून मधोमधपर्यंत प्रत्येक पापडाला एक एक घास तोडलेला होता.

"हे काय केलंस?"

"चांदोबा केले. सगळे."

मोजले. 43 होते. मी त्याला एक धपाटा घातला. मग तो रडला आणि मग मी जिन्यात बसून राहिले. त्यानं सांगितलेलं काम केलं होतं, कावळा येऊ दिला नव्हता. उष्टे करू नको हे मी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वजन देताना मी सरळ खरं सांगितलं. पोरानं एवढे उष्टे केले, तेवढं माझ्या नावावर धरा. मला वाटलं होतं मान खाली घालावी लागेल. पण रांगेतल्या बायका हसायला लागल्या. एकीच्या मुलानं पिठाचे बैल केले होते. एकीच्या नातीनं ओल्या पापडांवर बांगडी दाबून नक्षी काढली होती. एक आजी म्हणाल्या, "माझा ल्योक आता ट्रॅक्टर चालवतोय, त्यानं लहानपणी एकदा पापडावर झोपून दाखवलं होतं." मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

पण कच्च्या पापडात पापडखार असतो. त्या रात्रीपासून धाकट्याचं पोट बिघडलं. मी ओआरएसची पुडी फोडली आणि नेहमीसारखी दोन चमचे भांडंभर पाण्यात टाकली. सकाळी आशाताई आल्या आणि त्यांनी थांबवलं. पूर्ण पुडी पूर्ण 1 लिटर पाण्यात एकदाच टाकायची. अंदाजानं थोडी थोडी टाकली तर मिठाचं प्रमाण चुकतं. केलेलं पाणी 24 तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. मी आठ वर्षं अंदाजानं टाकत होते. त्यांनी झिंकच्या गोळ्याही दिल्या. जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण द्यायच्या, असं बजावलं.

पापडावर उपाय सापडला तो असा. धाकट्याला त्याचा वेगळा पोळपाट आणला, छोटं लाटणं आणलं आणि कणकेचा गोळा दिला. माझं लाटणं चालू तोवर त्याचंही चालू. त्याचे चांदोबा तव्यावर भाजून त्यालाच दिले. आता तो माझ्या पापडांना हात लावत नाही. म्हणतो, ते गिऱ्हाइकाचं आहे.

डिसेंबरमध्ये कुस्त्या. तात्यासाहेब कोरे यांनी इथं कारखाना काढला, त्यातून हे गाव उभं राहिलं. 13 डिसेंबरला त्यांच्या स्मृतिदिनाला वारणेला कुस्त्यांचं मोठं मैदान भरतं. लांबून लांबून माणसं येतात. ह्या वर्षी ह्यांनी धाकट्याला पहिल्यांदा खांद्यावर बसवून नेलं.

तो घरी आला तो पैलवान होऊनच. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातली माती अंगाला फासून, माझा एक ब्लाउजपीस कमरेला लंगोटासारखा गुंडाळून तो मांड्या थोपटत उभा. थोरलीनं कुस्ती खेळायला नकार दिला. मग तो शेजारच्या काकींच्या गोठ्यात गेला आणि त्यांच्या रेडकाला सलामी दिली. रेडकानं त्याला नुसती मान लावली आणि हा शेणात बसला. उठला, माती झटकली आणि काकींना म्हणाला, "बरोबरीत सोडवा."

गोठ्यात एकटं जायचं नाही, हे त्याला नीट समजावलं. रेडकू लहान असलं तरी त्याची आई जवळ बांधलेली असते.

पण त्या कुस्तीनं माझं एक मोठं काम झालं. आमच्या इथं 1968 पासून दूध संघ आहे. पहाटे-संध्याकाळी माणसं किटल्या घेऊन दूध घालायला जातात. एवढ्या दुधाच्या गावात राहून माझा मुलगा दुधाला तोंड लावत नव्हता. साखर घालून, वेलदोडा घालून, गोष्ट सांगून, ओरडून, सगळं करून झालं होतं. त्या संध्याकाळी ह्यांनी पितळेच्या तांब्यात अर्धा पेला दूध ओतलं, दोन बदाम कुटून घातले आणि म्हणाले, "पैलवान, खुराक." त्यानं उभ्यानं संपवलं आणि मिशा पुसल्या. तेव्हापासून आमच्या घरात दूध हा शब्द काढायचा नाही. खुराक म्हणायचं. कपात दिलं तर चालत नाही, तांब्याच लागतो.

हंगामातली एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. आमच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जातात. मुलं मागनं पळत जाऊन ऊस ओढतात. आम्ही मोठी माणसंही ते कौतुकानं बघतो. एका संध्याकाळी मी बघितलं, पळणाऱ्या मुलांमध्ये माझी थोरली होती. एका हातात ऊस आणि दुसरा हात ट्रॉलीच्या साखळीला. मागून दुसरा ट्रॅक्टर येत होता.

मी ओरडले नाही. आवाजच निघाला नाही. ती आपली आपण सोडून कडेला आली आणि हसत ऊस घेऊन आली. त्या रात्री मी जेवले नाही.

रागावून उपयोग होत नाही हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी हे तिला रस्त्याच्या कडेला थांबलेल्या एका ट्रॅक्टरजवळ घेऊन गेले. चालकाला सांगितलं, हिला दाखवा. त्यांनी तिला सांगितलं की दोन ट्रॉल्या मिळून वीस टनांच्या आसपास ऊस असतो. तिला वर आपल्या जागेवर बसवलं आणि विचारलं, मागं काय दिसतंय? तिला उसाशिवाय काही दिसेना. "मलाबी दिसत न्हाई पोरी," ते म्हणाले. मग खाली उतरून त्यांनी स्वतः दोन कांडी काढून दिली. त्यानंतर ती पळाली नाही. इतर मुलांनाही सांगते, "काकांना मागचं दिसत नसतंय." माझ्या शंभर वेळा सांगण्यानं जे झालं नसतं ते एकदा वर बसवल्यानं झालं.

जानेवारीत आम्ही घरात दोन गोष्टी केल्या. पहिली, रात्री साडेनऊऐवजी संध्याकाळी सात वाजता दप्तर उघडायचं. देवापुढं दिवा लागला की लगेच. दोघांची दप्तरं सतरंजीवर पालथी. धाकट्याच्या अंगणवाडीच्या पिशवीतून रोज दगड निघतात, ते दाराबाहेर. शाळेत काय मागितलंय ते कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. आमच्या कालनिर्णयवर आधीपासून दुधाचा हिशेब असतो. आता एका चौकोनात 'दूध दीड' आणि खाली 'सुतळी, मेणबत्ती' असं असतं.

दुसरी, एक खोकं केलं. त्यात दोन पांढरे आणि दोन रंगीत कार्डपेपर, डिंक, चिकटपट्टी, सुतळी, लोकर, रिकाम्या काड्यापेट्या, आइस्क्रीमच्या धुतलेल्या काड्या, दोघांचे दोन-दोन फोटो, आधारकार्डाच्या झेरॉक्स आणि दहा-दहाची पाच नाणी. काही काढलं की त्याच आठवड्यात भरायचं. त्या खोक्याचे दीडदोनशे रुपये झाले असतील. त्यानं माझ्या किती रात्री वाचवल्या ते सांगता येत नाही.

मार्चमध्ये मला ताप आला. दोन दिवस मी उठले नाही. असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं. मी आतल्या खोलीत गोधडी घेऊन पडले होते आणि कान बाहेर होते. सात वाजले. दिवा लागल्याचा वास आला. थोरलीचा आवाज आला, "आज्जी, दप्तर ओत." मग थोड्या वेळानं, "आज्जी, उद्या पानं न्यायचीत. औषधी वनस्पतींची." सासूबाई म्हणाल्या, "आण परडी. पण दूर्वा चिकटवायच्या न्हाईत. तुमच्या बाईंना चालत न्हाईत."

खोकं ओढल्याचा आवाज झाला. डिंक सापडला. हे डाळ-तांदळाची खिचडी करत होते, फोडणी जरा जळली, पण कुणी काही म्हटलं नाही. माझ्याकडं कुणी काही विचारायला आलं नाही. मला हायसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं. दोन्ही एकदम.

मी डोळे मिटले. जरा झोप लागली. मग कुणीतरी गोधडी ओढली. धाकटा होता. त्याचे बाबा बाहेर पाच पावलांवर होते. आज्जी होती, ताई होती. त्या सगळ्यांना ओलांडून तो अंधारात माझ्यापर्यंत आला होता.

"आई," तो हळूच म्हणाला, "मला शी आलीय."

मी उठले.